मु. पो. हत्तीखाना

श्री. मॅस्टोडॉन, हत्तीकुळातले दूरचे नातेवाईक, यांस,



पत्रास कारण की, आपल्याविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती कुणाकडे करायची हे एवढ्या दिवसांत मला समजलेलं नाही. आधीच्या समाजमाध्यमावर हा प्रश्न नव्हता. तिथल्या मालकाचं नाव शेंबड्या पोरालाही पाठ होतं. २०२२ च्या ऑक्टोबरात ४४ अब्ज डॉलर मोजून इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं, पुढच्या जुलैत पक्षी उडवून लावला आणि पाटीवर फुली मारली. शिव्या घालायच्या तर पत्ता ठरलेला. आपल्याकडे ‘मालक कोण?’ म्हणून विचारलं, तर लोक उलट विचारतात, ‘कोणत्या सर्व्हरचा?’ यूजेन रोच्को नावाच्या तरुणाने २०१६ मध्ये जर्मनीत आपल्याला जन्माला घातलं, एवढा शोध लागला. त्यांनाच लिहावं म्हटलं, तर २०२५ मध्ये तेही प्रमुखपद सोडून बाजूला झालेले. मी एका सहकारी बँकेच्या काउंटरवर २७ वर्षं काढली. आपल्या पायांनी खुर्चीवरून उठलेला अध्यक्ष एकदाही पाहिला नाही. त्यामुळे आपल्या घराण्याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तशी आपली-माझी जुनी ओळख आहे, आपल्याला आठवत नसेल. नोव्हेंबर २०१९. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं होतं. त्यांनी ऑगस्ट लँडमेसरचा तो प्रसिद्ध फोटो लावला होता, नाझी सलामी ठोकणाऱ्या गर्दीत एकटाच हाताची घडी घालून उभा असलेला माणूस. त्यावरून बरेच भारतीय चिडले आणि बाडबिस्तरा घेऊन आपल्या दारात आले. त्या वऱ्हाडात मीही होते. चार दिवस राहिलो, इकडेतिकडे पाहिलं, मानपान कुणी केला नाही, तेव्हा मुकाट्याने जुन्या घरी परतलो. मस्कसाहेब आल्यावर मी पुन्हा आले. या खेपेला परतीचं तिकीट काढलं नव्हतं.

तर पहिली तक्रार दारातलीच. खातं उघडायला गेले, तर आपण विचारलंत, गाव कोणतं? म्हणजे सर्व्हर कोणता. हजारो सर्व्हर, कुणी शास्त्रज्ञांचा, कुणी चित्रकारांचा, कुणी एकट्याने हौसेखातर चालवलेला. नावापुढे एक ‘ॲट’ चालत होता, तिथे आता दोन लागले, आणि दुसऱ्या ‘ॲट’पुढे गावाचं नाव. मला आमच्या आजोबांची पोस्टकार्डं आठवली. नाव कितीही मोठं असो, खाली ‘मु. पो.’ लिहिल्याशिवाय कार्ड पोचायचं नाही. आपलंही तसंच. ॲक्टिव्हिटीपब नावाची टपालाची ठरलेली रीत आहे, २०१८ पासून तिला अधिकृत मान्यता आहे, आणि ती पाळणाऱ्या कुठल्याही गावातून कुठल्याही गावाला पत्र जातं. हे मला समजायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत भाच्याला मी एवढे फोन केले, की शेवटी तो म्हणाला, ‘आत्या, तू व्हॉट्सॲपवरच बरी होतीस.’

मी निवडलेल्या सर्व्हरने तर अर्ज भरून घेतला. इथे का यायचंय, दोन ओळींत लिहा. आमच्याकडे पूर्वी खातं उघडायला ओळखदाराची सही लागायची, त्यातला प्रकार. मी लिहिलं, ‘दुसरीकडे भांडणं फार होतात.’ दीड दिवसाने मंजुरी आली. बहुतेक सगळे हेच लिहीत असावेत.

आत गेले आणि पाहते तो काय, शुकशुकाट! मुख्य पानावर काहीही नाही. मी कुणाच्या मागे लागलेली नव्हते, म्हणून मला कुणी दिसत नव्हतं. जुन्या ठिकाणी असं कधी झालं नाही, हो. तिथे सकाळी डोळे उघडायच्या आत कुणावर रागवायचं ते तयार असायचं. आज अमुक नटी, उद्या तमुक प्रवक्ता, परवा कांदाभजीत ओवा घालणारी कुणी परप्रांतीय बाई. माझ्या रागाची एवढी काळजी माझ्या सासूबाईंनीही घेतली नव्हती. आणि आपण? एका माणसाने रात्री ९ वाजता लिहिलं ते ९ चं, दुसऱ्याने ९ वाजून ५ मिनिटांनी लिहिलं ते ९ वाजून ५ चं. बस्स. निव्वळ रोजकीर्द. जो आधी आला त्याची नोंद आधी. साहेबांचा पाहुणा आहे म्हणून टोकन तोडून पुढे घ्यायचं नाही, मोठा खातेदार आहे म्हणून आत चहा द्यायचा नाही. २७ वर्षं मी रांगेतल्या लोकांना ‘नंबराने या’ म्हणून ओरडले, आणि खरोखर नंबराने येणारी रांग पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला जांभई आली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आपल्यालाच सांगते आहे.

पुढे लाइकचं. आपल्याकडे एक चांदणी आहे. ती दिली, तर लिहिणाऱ्याला कळतं की कुणाला तरी आवडलं. एवढंच. त्या चांदणीने पोस्ट कुणाच्या मुख्य पानावर इंचभरही पुढे सरकत नाही. पुढे न्यायची तर बूस्ट करावी लागते, म्हणजे स्वतःच्या नावानिशी शेजाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवायची. घरबसल्या, अंगठा न हलल्यासारखा हलवून पुण्य कमवायची माझी सोय आपण काढून घेतलीत. आणि दुसऱ्याचं वाक्य उचलून, वर आपली खोचक ओळ लावून, त्याला चारचौघांत टपली मारायची जी कला मी दहा वर्षं घासूनपुसून तयार केली होती, तिला आपण अनेक वर्षं जागाच दिली नाहीत. मुद्दाम दिली नाहीत म्हणे! २०२५ मध्ये अवतरण द्यायची सोय आणलीत, तीही अशी, की आपलं वाक्य कुणी उचलायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. टपली मारायची आणि आधी परवानगी मागायची? आमच्यात अशी पद्धत नाही.

वाळीत टाकायचं मात्र आपल्याला बरं जमतं. २०१९ मध्ये गॅब नावाच्या, द्वेषाच्या धंद्याबद्दल ख्याती असलेल्या मंडळींनी आपलंच सॉफ्टवेअर उचलून वेगळी चूल मांडली. सॉफ्टवेअर मोफत, कुणीही घ्यावं, त्यामुळे अडवता येईना. तेव्हा बाकीच्या बहुतेक गावांनी त्या गावाची टपालाची पिशवी उतरवून घेणंच बंद केलं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, याची आपल्याला कल्पना नसावी. (तो माणसांसाठी आहे, सर्व्हरसाठी नाही, असं भाचा म्हणतो. तो वकील नाही.)

माझा पहिला सर्व्हर वर्षभराने बंद पडला. चालवणारा एकटाच होता, खर्च खिशातून, आणि २०२२ च्या लोंढ्यानंतर हत्ती पोसणं त्याला झेपेना. आपल्या अधिकृत यादीत यायचं तर बंद करण्याआधी किमान ३ महिन्यांची नोटीस द्यायची, असा आपला करार आहे. त्याने ती दिली, वर माफीही मागितली. मी खातं दुसरीकडे हलवलं. माझ्यामागे येणारे ४१ जण आपोआप नव्या पत्त्यावर आले. जुन्या पोस्टी मात्र मागेच राहिल्या, शिल्लक ट्रान्सफर झाली आणि नोंदींची पानं जुन्या शाखेत. नाही म्हटलं तरी वाईट वाटलं. पण मग ऑर्कुट आठवलं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं, तेव्हा मैत्रिणींनी लिहिलेली स्क्रॅपं गेलीच, वर मैत्रिणींचे पत्तेही गेले. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. देशी भाषांचा कैवार घेऊन आलेला कूचा पिवळा पक्षी २०२४ मध्ये उडाला. दहाएक हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या जनावराचं नाव घेतलंत आपण, आणि मेले भलतेच.

मराठीबद्दल न बोललेलं बरं, पण बोलते. ‘मराठी’ असा हॅशटॅग शोधला, तर मिसळीचा एक फोटो आणि मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा, त्याही गेल्या वर्षीच्या. नाटकाबद्दल बोलायचं तर माणूस नाही, भाजीच्या भावाबद्दल बोलायचं तर माणूस नाही. उलट शेवाळावर तासन्‌तास बोलणारे लोक आहेत. शनिवारी जगभरातली मंडळी आपापल्या मांजरांचे फोटो लावतात. आमच्याकडे शनिवार मारुतीचा. आणि इथली जुनी खोडं फार शिकवतात, हेही लिहून ठेवा. हॅशटॅग असा लिहा, राजकारणावर पडदा घाला, जेवणाच्या फोटोला आधी इशारा द्या. पुरणपोळीला इशारा?

आता मूळ तक्रारीकडे येते, जिच्यासाठी कागद पुढे ओढला.

मार्चमध्ये आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तारेवर जांभळ्या शिंजिराने घरटं बांधलं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि लावला. तासाभरात एका अनोळखी बाईंचा निरोप: फोटोचं वर्णन लिहाल का? मी माझ्या काउंटरच्या इंग्रजीत उत्तर दिलं की फोटो अगदी स्पष्ट आलाय, दिसतोय की. त्यांचं उत्तर आलं, ‘मला दिसत नाही. माझा फोन मला वाचून दाखवतो.’

शरमेने मी वर्णनाच्या चौकटीत लिहिलं, ‘घरटं आणि पक्षी.’ त्यांनी आभार मानले आणि विचारलं, घरटं कशाला लावलंय? केवढं आहे? दार कुठे आहे?

दार? मी फोटो मोठा करून पाहिला. मग चपला न घालताच गॅलरीत गेले. घरटं माझ्या मुठीपेक्षा थोडं मोठं, तारेला लोंबणारी पिशवी. वाळकी पानं, झाडाच्या सालीचे तुकडे, कुठलासा धागा, आणि हे सगळं कोळ्याच्या जाळ्याने शिवून टाकलेलं. खालून काडीकचऱ्याची शेपटी लोंबत होती, लांबून पाहणाऱ्याला वाटावं, वाऱ्याने अडकलेला केर आहे. दार बाजूला होतं, आणि दारावर छज्जा! पाऊस आत येऊ नये म्हणून बोटाच्या पेराएवढा पुढे काढलेला छज्जा. आत बसलेल्या मादीची बाकदार चोच तेवढी उंबऱ्यावर टेकलेली होती. मी चार हातांवर उभी होते आणि ती माझ्याकडे बघत होती. आठवडाभर मी त्याच तारेवर टॉवेल टाकत होते, आणि हा छज्जा मला दिसला नव्हता.

हे सगळं लिहायला अर्धा तास लागला. भात करपला. पोस्टला आपण ५०० अक्षरं देता आणि चित्राच्या वर्णनाला १,५००, हे तेव्हा मला समजलं. बोलायला कमी आणि बघायला तिप्पट, असला उफराटा हिशेब कुठल्या तपासणीत पास होतो, मला माहीत नाही. त्या फोटोला सहा चांदण्या मिळाल्या, दोघांनी तो पुढे नेला. जुन्या ठिकाणी मी कांदाभजीवर लिहिलं होतं, तेव्हा चार हजार लोक आले होते. त्यांतला एकही मला आज आठवत नाही. या बाई अजून विचारतात, अंडी किती, नर दिसतो का, जांभळा म्हणजे कसला जांभळा? त्यांनी रंग कधी पाहिला होता की नाही, हे विचारायचा मला धीर होत नाही. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर राहतं तसं, असं मी लिहिलं. त्यावर त्यांनी विचारलं, जांभूळ म्हणजे काय?

तर माझा वेळ जातो, भात करपतो, कुणावर रागवायचं ते कुणी सांगत नाही आणि जांभळाची चव इंग्रजीत लिहायची वेळ माझ्यावर येते. या सगळ्याची दाद कुठे मागायची, ते कृपया कळवावे. खातं बंद करण्याचा माझा विचार नाही, गैरसमज नसावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक त्रस्त खातेदार,
नाशिक

ता. क. पिल्लं काल उडाली. रिकाम्या घरट्याचा फोटो काढलाय, वर्णन लिहायला घेतलंय. सहाशे अक्षरं झाली, अजून छज्ज्याशीच आहे.