हातचा

अमेरिकेला लेकीकडे जायचं ठरलं आणि तिकिटावरचा २३ हा आकडा आमच्या घरातला कर्ता पुरुष झाला. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो; दोघांचे मिळून ९२. "अख्खं घर नेता येईल की!" असं मी बोलून गेलो. हिने ते मनावर घेतलं.

पहिला दणका रिकाम्या बॅगेनेच दिला. तीच चार किलोंची भरली. म्हणजे मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांच्या वाट्याचं वजन चाकं नि कुलपंच खाऊन बसली होती.

घरात वजनकाटा एकच, माझ्या पोटावर पाळत ठेवायला आणलेला. मी बॅग कवटाळून त्यावर उभं राहायचं, हिने वाकून आकडा वाचायचा आणि त्यातून मला वजा करायचं, अशी पद्धत ठरली. "अठ्ठ्याण्णव!" माझे सकाळचे ७२ वजा जाता बॅग २६ किलो.

"तीन किलो काढावे लागतील," मी म्हणालो.

"बॅगेतून कशाला? तुमचंच वाढलं असेल. दुपारी तीन वाट्या श्रीखंड कुणी खाल्लं?"

तेवढ्यात पुतण्या आला. "काकू, सुकं खोबरं चालत नाही. तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं."

"चाळीस वर्षं माझ्या डब्यात आहे, कधी धूरसुद्धा निघाला नाही!" खोबऱ्याच्या वाट्या पुन्हा डब्यात गेल्या, पण ही दिवसभर धुमसत राहिली.

मग त्याची नजर माझ्या पॉवर बँकेकडे वळली. "काका, ही हातातल्या बॅगेत ठेवा. पेटलीच तर वर लगेच कळतं, विझवता येतं. खाली सामानात कोण बघणार?" म्हणजे पेटणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक घरी राहिली आणि दुसरी माझ्या मांडीवर आली.

लोणच्याचं उलटं. ते हातात नेता येईना, म्हणून खाली. बरणी तीन पिशव्यांत बांधून वर माझ्या शर्टांत गुंडाळली. साड्यांत का नाही, हे मी विचारलं नाही. एखादी बॅग हरवली तर पंचाईत नको म्हणून प्रत्येकाचे कपडे चारही बॅगांत वाटून टाकले. या न्यायाने माझा लेंगा पहिल्या बॅगेत आणि नाडी चौथ्या बॅगेत गेली.

विमानतळावर तीन बॅगा पास झाल्या. चौथी २५ किलो! मागे रांग खोळंबलेली, पुढे आमचा संसार उघडा. काढायचं काय? भाजणी लेकीची, मसाला लेकीचा, लोणचं जावयाचं. फालतू असं त्यात फक्त माझंच होतं. हातातली बॅग आधीच गच्च भरलेली. मग मे महिन्यातल्या मुंबईत मी स्वेटर चढवला, त्यावर कोट घातला, कोटाच्या खिशांत दोन दिवाळी अंक कोंबले आणि चपला काढून जाडजूड बूट घातले. काट्याने २३ दाखवले. विमानात वजन तेवढंच चढणार होतं, पण माझं वजन कुणी करणार नव्हतं. घरी बॅगेतून मला वजा केलं होतं, इथे बॅग माझ्यात मिळवली. बेरजेत हातचा विसरू नये, हे शाळेत शिकलो होतो. हातचा म्हणजे आपणच, हे साठीनंतर कळलं.

तिकडे उतरलो तर लेक लांबूनच ओरडली, "बाबा, केवढे जाड झालात!"

"मी घरीच सांगत होते," ही म्हणाली.