दाजींचा संप

"घरात संप बसवतोय," असं दाजींनी जाहीर केलं तेव्हा ताईच्या सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. त्यांचे यजमान परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप अधिकृतपणे अजून मिटलेलाच नाही, हे त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर ऐकावं लागतं. "एक पुरला नाही का रे?" एवढंच त्या म्हणाल्या.

दाजींचा संप म्हणजे माशांच्या टाक्यांखाली ठेवायची आणखी एक टाकी. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत तोवर चार टाक्या झाल्या होत्या, एक चार फुटी, तीन दोन फुटी. प्रत्येकीचा फिल्टर वेगळा, हीटर वेगळा. दर रविवारी चार स्पंज धुवायचे म्हणून दुपारपर्यंत बाथरूम दाजींच्या ताब्यात. असली फुटकळ कामं दाजींना सोसत नाहीत. तासाभराचं काम वाचवायला ते आठवडाभर खपतात.

तसे ते महिनाभर खपले. आता चौघींचं पाणी पाइपातून आपसूक संपात उतरतं. तिथे गाळ जाळीत अडतो, सिरॅमिकच्या रिंगांवर बसलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट नि त्याचं नायट्रेट करतात, आणि एकच पंप ते पाणी पुन्हा चौघींत चढवतो. जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. तेवढे दिवस दाजी पाहुण्यांना नुसतं पाणी दाखवत. "चार खोल्या, चूल एक! एकत्र कुटुंब म्हणतात ते हे."

(सख्ख्या भावाशी गावच्या विहिरीच्या पाळीवरून त्यांचा दहा वर्षं अबोला आहे.)

एकत्र कुटुंबाचे गुण लवकरच दिसले. गोल्डफिशला थंड पाणी हवं, एंजलला कोमट. पाणी एकच म्हटल्यावर दाजींनी मधला आकडा काढला आणि दोघांनाही नाराज ठेवलं. मग क्रॉफर्ड मार्केटातून पिशवीत घालून चार मॉली आणल्या. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, हे दाजी सोसायटीतल्या पोरांना नेहमी सांगतात. स्वतः मात्र थेट सोडल्या. आठवड्याभरात मॉलींच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले, आणि पुढच्या चार दिवसांत चारही टाक्यांत. औषध म्हणून दाजींनी संपात मेथिलीन ब्लू ओतलं. मासे बरेचसे वाचले, पण घरभर नीळ घातल्यासारखं दिसू लागलं आणि दीड महिना पोसलेले जिवाणू गारद झाले. अमोनिया पुन्हा चढला. मग दाजी रोज बादल्यांनी पाणी बदलू लागले. बाथरूम आता सातही दिवस अडलेली.

पण खरा प्रताप दिवे गेले त्या रात्रीचा. पंप थांबला की वर चढवणाऱ्या पाइपातूनच पाणी उलटं खाली खेचलं जातं. ते तुटावं म्हणून पाइपाला पाण्याच्या पातळीशी बारीक भोक पाडतात. दाजींनीही पाडलं होतं, काडेपेटीतली काडी जाईल एवढं. त्यात एक गोगलगाय बसली. चांगली ऐसपैस, जणू भाड्याची खोली मिळाली. चार फुटी टाकी अर्धा फूट उतरली, म्हणजे पंच्याऐंशी लिटर. संपात जागा होती चाळीस लिटरची. उरलेल्या तीन बादल्या फरशीवर आल्या, आणि पहाटेपर्यंत खालच्या काकूंच्या छताला ओल आली.

काकू वर आल्या तेव्हा दाजी गुडघ्यांवर बसून पोतेरं पिळत होते. माणूस ओशाळेल, माफी मागेल. दाजींनी चिमटीतली गोगलगाय त्यांच्यापुढे धरली. "ही बघा. यंत्रणेत दोष नाही, ही मध्ये आली!" मी दाजींना बरीच वर्षं ओळखतो. स्वतःचं चुकलं असं त्यांनी कधीच म्हटलेलं नाही, आणि त्या गोगलगायीलाही त्यांनी मारलं नाही, परत टाकीत सोडलं.

मधे सासूबाईंनी विचारलं, "मिटला का रे संप?"

"चालू आहे, आई. मस्त चालू आहे."

दिवाळीत दाजी पाचवी टाकी जोडणार आहेत. खालच्या काकूंनी पलंग आधीच दुसऱ्या भिंतीला सरकवून घेतला आहे.