बारगीर

सरोजिनी नगरच्या बाजूला, कानपूर रस्त्यालगत, आम्ही चार हौशी माणसे म्हाताऱ्या आणि टाकून दिलेल्या घोड्यांचा जो आश्रम चालवतो, त्याचा मी अवैतनिक चिटणीस आहे, हे मी होऊन सांगितले नसते. परंतु गेल्या तीन वर्षांत भेटलेल्या प्रत्येक इसमास पहिल्या पाच मिनिटांत ते सांगितल्यावाचून मला राहवलेले नाही, तेव्हा वाचकांनाच का वगळावे? 1926 साली येथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले ते भातखंड्यांच्या खटपटीने. त्यानंतर लखनौवर उपकार करणारा मराठी माणूस मीच, असा माझा खासगी समज आहे. पंडितजी राग गोळा करीत, मी लीद गोळा करतो.

हजेरीपटावर बावीस स्वयंसेवक आहेत, आणि खरारा करतानाचे छायाचित्र निघताच बहुतेकांचा खरारा आटोपतो. याला आपल्याकडे खोगीरभरती म्हणतात. आपली भाषा घोड्यावरून अजून उतरलेलीच नाही: काम रखडले की घोडे पेंड खाते, उशीर झाला की ते वरातीमागून येते, आणि स्वार्थ साधायचा तर आपलेच घोडे पुढे दामटावे लागते. स्वतःच्या घोड्यावर चाकरी करणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद मी देणगीदारांना तपशीलवार समजावून देतो, आणि 1758 साली अटकेपर्यंत गेलेल्या फौजेत आमचे मूळपुरुष शिलेदार होते, हेही हळूच सुचवतो. घरच्या दप्तरात ते चंदीचा हिशेब लिहिणारे कारकून आहेत. पण दप्तराला वाळवी लागली आहे, आणि वाळवीच्या कृपेने पुष्कळ घराणी थोर झाली आहेत.

देणगीदारांचाही मला राग येतो. ज्येष्ठातल्या बड्या मंगळवारी गल्लोगल्ली भंडारे होतात, आणि उरलेल्या पुऱ्या ही धार्मिक मंडळी घोड्यांपुढे आणून ओततात. घोड्याला ओकता येत नाही. जे चुकून पोटात गेले ते पोटातच राहते, आणि रात्रभर लोळणारे, स्वतःच्या कुशीकडे वळून वळून पाहणारे जनावर फिरवायला पुण्यवानांपैकी कोणी नसतो.

पावसाळा लागला, वीटभट्ट्या बंद झाल्या, आणि एक तांबडी घोडी आमच्या फाटकाशी कोणीतरी बांधून गेले. मानेच्या मुळाशी तळहाताएवढी जखम होती. चार महिने मी तिला स्वहस्ते मलम लावले, वेळेवर तोबरा चढवला, नालबंद आला नाही तेव्हा खूरही मीच कापले. पण माझ्या पावलांची चाहूल लागून तिने कधी कान टवकारले नाहीत. एके सकाळी फाटकाबाहेर एक वाळका मनुष्य मुठीत भिजवलेले हरभरे घेऊन उभा राहिला. क्रौर्यावरचे माझे व्याख्यान तोंडपाठ होते, 1960च्या कायद्यासकट. मी तोंड उघडणार तोच घोडी खिंकाळली.

आवाज इतका मोठा होता की शेजारची खेचरेही दचकली. तो आत आला, जखमेवरून बोट फिरवून गप्प राहिला, मग वाकून तिचा पाय उचलून मांडीवर घेतला.

“बाबूजी, यह खुर किसने काटा है? टेढ़ा है.”

“आमचा एक स्वयंसेवक आहे,” मी हिंदीत म्हणालो, “नवा आहे.”

त्याने कानस मागितली. मी ती आणून दिली आणि त्याने सांगितले तशी, निमूटपणे, दोरी धरून उभा राहिलो.