पोचकाका

स्मशानातून निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. पोचकाका वळतात. पावती घ्यायची राहिलेली असते.

तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ गेले तेव्हाचीच गोष्ट. मुलगा पंचविशीचा, धक्क्यातून बाहेर आलेला नव्हता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्हाला वाटलं, चला, म्हातारा एकदाचा माणसासारखा वागतोय. जरा जवळ सरकलो तर कानावर आलं, "दहनाची पावती खिशात ठेवू नकोस. घरी गेल्यावर सगळे कपडे पाण्यात पडतील. माझ्याकडे दे." मुलाने दिली. काकांनी डायरीचं पान फाडलं, 'दहनाची पावती एक, मूळ प्रत, मिळाली' असं लिहून खाली तारखेसह सही ठोकली आणि ते पान त्याच्या हातात ठेवलं. पोच. आता हे पान कुठल्या खिशात ठेवायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

हा गृहस्थ तुमच्याही सोसायटीत आहे. नाव निराळं असेल, बगलेतली प्लास्टिकची फाईल तीच. आमच्या ऐरोलीच्या सिडको इमारतीत त्यांना मागे पोचकाका म्हणतात, समोर नुसतं काका. दिवाळीत आमच्याकडून फराळाचं ताट गेलं की रिकाम्या ताटातून चिठ्ठी येते: 'चकल्या सहा, करंज्या चार, पैकी एक फुटलेली.' मुलाच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना त्यांनी सह्यांचा कागद बरोबर ठेवला होता; आधी सही, मग अक्षता. पाणीगळतीबद्दल सोसायटीला पत्र द्यायचं तर दोन प्रतींत. सेक्रेटरीही बिलंदर. ते दुसऱ्या प्रतीवर सही करून खाली लिहितात, 'मजकूर मान्य नाही, फक्त पोच.' काकांना तेवढं पुरतं. मजकुराचं त्यांना कधीच फारसं वाटलेलं नाही. माणसाला पोच म्हणून नाही, असं आमची ही म्हणते. फायली मात्र भरून वाहतायत.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात ते स्टोअरला होते. गेटमधून आत आलेल्या प्रत्येक पिंपाची आवक रजिस्टरमध्ये नोंद. तो कारखाना गेला, तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्यातली पोरं गळ्यात पट्टे घालून वडापाव खायला बाहेर येतात. रजिस्टर काकांच्या डोक्यातून गेलेलं नाही.

भाऊंच्या दहाव्याच्या आतच काका यादी घेऊन वर हजर. एलआयसीचे फॉर्म त्यांना पाढ्यांसारखे पाठ आहेत: ३७८३ म्हणजे दावेदाराचं निवेदन, ३७८४ शेवटच्या आजारातल्या डॉक्टरचा दाखला, ३७८५ दहन-दफनाचा, ३७८७ मालकाचा, गेलेला माणूस नोकरीत असला तर. भाऊंची पॉलिसी एलआयसीची नव्हतीच. मग ही उजळणी कशाला? "हाताला वळण राहतं."

पालिकेच्या विभाग कार्यालयातून मृत्यू दाखल्याच्या दहा प्रती काढायला लावल्या. वहिनी म्हणाल्या, "काका, माणूस एकदाच गेला."

"ते तुमच्यासाठी, वहिनी. बँकेसाठी वेगळा जातो, पीएफसाठी वेगळा, विम्यासाठी वेगळा, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटसाठी वेगळा. गॅसवाल्यासाठीसुद्धा जातो."

मी तिथून उठून गॅलरीत गेलो. अशा माणसाला घरातल्यांनी सहन तरी कसं करावं!

पुढे जे झालं ते विमा कंपनीच्या कृपेने झालं. कंपनीचं नाव घेत नाही. आधी कॅन्सल चेक मागितला. दिला, तर त्यावर नाव छापलेलं हवं. तोही दिला, तर इस्पितळाचे केस पेपर हवेत. ते गोळा करून पाठवले, तर मूळ पॉलिसी स्कॅनमध्ये अस्पष्ट दिसते. आणि सगळं सुरळीत झालंय असं वाटलं त्या दिवशी मेल आला की नॉमिनीचं नाव जुळत नाही.

लग्नात भाऊंच्या घरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने वहिनींचं नवीन नाव लिहून घेतलं होतं. भाऊंनी पॉलिसीत प्रेमाने तेच घातलं. आधारवर वहिनींचं शाळेतलं नाव. त्यामुळे कंपनीच्या मते पैसे ज्यांना द्यायचे त्या बाई वेगळ्या आणि मागायला आलेल्या बाई वेगळ्या. काकांनी कपाळाला हात लावला. "तांदळात लिहिलं! आणि नोंद कुठे केली?" लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेली. शेवटी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर (२०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत हेच काम शंभरात व्हायचं, ही माहिती काका वाटेत भेटेल त्याला देतात) वहिनींनी नोटरीसमोर शपथेवर लिहून दिलं की मी म्हणजे मीच.

कंपनीला हे पटलं. मग तिने विचारलं, मयताला मधुमेह कधीपासून होता?

इथे काकांचा आवाज पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. त्या रात्री त्यांनी पत्र लिहिलं. त्यात 'आदरपूर्वक' नव्हतं, 'कृपया' नव्हतं. विमा कायदा १९३८, कलम ४५, २०१५ ची दुरुस्ती: पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कुठल्याही कारणावरून तिच्यावर बोट ठेवता येत नाही. भाऊंची नऊ वर्षांची होती. इर्डाचं २०२४ चं परिपत्रक: चौकशीची गरज नसेल तर मृत्यूचा दावा १५ दिवसांत द्यायचा, असेल तर ४५ दिवसांत. कागद शक्यतो एकदम मागायचे, एकेक करून नाही, हे तर २०१७ च्याच नियमांत होतं. आणि शेवटी एक ओळ, जी वाचून मी त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघितलं: 'हप्ते भरणे हे आमचे काम होते. आपण कागद हप्त्याने मागू नयेत.'

पत्र मेलनेही गेलं, पण काका समाधानी नव्हते. वहिनींना घेऊन कंपनीच्या शाखेत गेले. काउंटरवरची मुलगी गोड होती. "सर, आम्ही पोच देत नाही. पोर्टलवर अपलोड करा, रेफरन्स नंबर येईल." काका म्हणाले, "नंबर कालच आला, त्याची प्रिंट तिसऱ्या पानाला लावलीय. हा कागद मात्र तुमच्या हातात दिलाय, तेवढं लिहून द्या." मग बाकावर बसले. जेवायच्या वेळी पिशवीतून डबा काढला, वहिनींनाही एक पोळी दिली. एसी चालू होता, गर्दी नव्हती, घाईही नव्हती. शाखा बंद व्हायच्या सुमाराला व्यवस्थापक स्वतः शिक्का घेऊन बाहेर आले. वहिनी सांगतात, भाऊ गेल्यापासून त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या.

मागाहून मला आमच्या वॉचमनचीही गोष्ट कळली. तो चाळिशीतच गेला. गावाकडून आलेली बायको, दोन मुलं. सोसायटीने वर्गणी काढली आणि आपण फार चांगले आहोत असं समजून घरी गेली. काका त्याचं पासबुक मागून घेऊन वाचत बसले. मे महिन्यातल्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं: ४३६ रुपये वजा. पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता. बँकेत खातं उघडताना कुणीतरी सही घेतली असणार. त्या बिचाऱ्याने घरी सांगितलंही नव्हतं. दोन लाखांचं संरक्षण, आणि कुणाला पत्ता नाही. काका तिला घेऊन बँकेत गेले. दोन लाख तिच्या खात्यात आले. आमची वर्गणी किती जमली होती, ते इथे लिहीत नाही.

मागच्या महिन्यात काकांनी मला घरी बोलावलं. काकू गेल्यापासून त्या घरात चहा साखरेशिवायच मिळतो. कपाट उघडून त्यांनी एक फाईल काढली. वर स्केचपेनने ठळक अक्षरांत: 'मी गेल्यावर'. आत पॉलिसी, पासबुकाची झेरॉक्स, नाव छापलेला कॅन्सल चेक, आणि दावेदाराचं निवेदन, पेन्सिलने संपूर्ण भरलेलं. मृत्यूची तारीख आणि कारण, एवढे दोनच रकाने मोकळे. नॉमिनी मुलगा. तो मेलबर्नला.

"त्याला रजा फार तर आठ दिवसांची मिळणार," काका म्हणाले. "तेवढ्यात दाखला, बँक, विमा, सगळं उरकलं पाहिजे. पोराची धावपळ नको."

मग वही पुढे सरकवली. "फाईल कुठे आहे ते पाहिलं, असं लिहून द्या."

काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी सही केली आणि सेक्रेटरींच्या थाटात खाली लिहिलं, 'मजकूर मान्य नाही, फक्त पोच.' काकांनी चष्मा वर करून वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पोच परत केली. "नीट लिहा," म्हणाले. मी नीट लिहून दिलं.

भाऊंच्या पॉलिसीचे पैसे आले. उशिराचं व्याज आलं नाही. मुदत उलटल्यावर बँक दर अधिक दोन टक्के व्याज कंपनीने आपणहून द्यायचं असतं. मागितल्यावरही दिलेलं नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना उलटला की विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. नवी मुंबईकरांना पूर्वी त्यासाठी पुणे गाठावं लागायचं, आता ते कार्यालय ठाण्यात आहे, ऐरोलीहून मध्ये फक्त दिघा गाव स्टेशन. सोमवारी वहिनी अर्ज घेऊन निघाल्या आहेत. बरोबर कोण असेल आणि पिशवीत काय असेल, ते सांगायला नको. लोकपाल कार्यालयातल्या मंडळींना एवढीच विनंती: दुसऱ्या प्रतीवर आल्या आल्या शिक्का मारून टाका. नाहीतर ते बाकावरून उठणार नाहीत.