हजार वॅट आणि पाकिटातली चांदी

शिंदखेड्याहून दोंडाईच्याकडे लग्नाला निघालेल्या गाडीत ‘१००० वॅट’चा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याच्या पाठीवर फ्यूज असतो १० अँपिअरचा. १२ व्होल्ट गुणिले १०, झाले १२० वॅट. उरलेले ८८० स्टिकरवर वाजतात.

फ्यूज उडाला तर का उडाला, हे विचारणं अपशकुन. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. “काही व्हत नही भाऊ!” खरंच, फ्यूजला आता काही होत नाही, पुढची पाळी वायरिंगची.

बहुतेक टेपची पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची. चावी काढली की टेप घड्याळ आणि स्टेशन विसरतो? पिवळी-लाल उलटी तर नाही ना, एवढं बघायचं. पण आधी टेप बदलतात, मग स्पीकर, शेवटी बॅटरी. मल्टिमीटर दुकानात टांगलेला असतो, बहुधा दृष्ट लागू नये म्हणून.

ॲक्सिलरेटर दाबताच अहिराणी गाण्यात शिट्टी घुसली, तर काळी वायर बऱ्याचदा रंगावरच कसलेली निघते. पत्रा खरवडून बोल्ट घट्ट करायचा. पण खरवडल्याचे पैसे कोण देणार? आवाज वाढवणं फुकट आहे.