छत्रीखालचा किल्ला

दिवाळीत मातीचा किल्ला करायची रीत निम्म्या महाराष्ट्रात आहे. त्या किल्ल्यावर छत्री लावायची रीत, माझ्या माहितीप्रमाणे, फक्त आमच्या घरात आहे. छत्रीही साधीसुधी नाही. काळी, लांब दांड्याची, आकड्यासारख्या मुठीची. उघडली की किल्ला, तळं, शेत आणि शिवाय शेजारची अर्धी रांगोळी झाकून टाकणारी. तिची मूठ खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायची, दोन गाठी मारायच्या, आणि मगच महाराजांना सिंहासनावर बसवायचं. हा क्रम चुकलेला मला आठवत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत बायकोने विचारलं, “ही छत्री कशाला?” ती मडगावची. गोव्यात नरकासुराचा भला थोरला पुतळा करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तो जाळून मोकळे होतात. ज्याला जाळायचंच आहे, त्याच्यावर छत्री धरायचा प्रश्न येत नाही. तिचं विचारणं रास्तच होतं. पण घरात अशी शांतता पसरली, जणू तिने लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी कशाला असं विचारलंय. शेवटी आत्या म्हणाली, “कशाला म्हणजे? दिवाळी नाही का!”

आमचं मूळ घर साताऱ्यातला जुना वाडा. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की दप्तर कोपऱ्यात आणि आम्ही चिखलात. आधी विटा लागत. गल्लीत जिथे बांधकाम चालू असेल तिथून त्या ‘आणायच्या’. या ‘आणायच्या’चा अर्थ महाराजांनी सुरतेहून आणलं त्या अर्थाने घ्यायचा. विटा-दगड रचून त्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि वरून चिखलाचे हात फिरवायचे. फुटपट्टीच्या कडेने पायऱ्या पाडायच्या. करवंटीची विहीर, फुटक्या आरशाचं तळं. डोंगरउतारावर हळीव आणि मोहरी पेरायची, म्हणजे वसुबारसेच्या सुमारास हिरवळ धरते. वाड्यातले एक काका कंपाउंडर होते, त्यांच्याकडून सलाईनची नळी मिळे. तिचं एक टोक माळ्यावरच्या डब्यात आणि दुसरं बालेकिल्ल्यात, की झालं कारंजं. नळीची ती छोटी चकती फिरवून कारंजं कमी-जास्त करायचा मान मोठ्या भावाचा. मी फक्त डबा भरायचा.

मापांचं म्हणाल तर आमच्या किल्ल्यावर भूमिती कधी चढलीच नाही. मावळे महाद्वारापेक्षा उंच, त्यामुळे सगळे आयुष्यभर किल्ल्याबाहेरच. वाघ गवळणीएवढा. तळ्यात मगर, मगरीच्या पाठीवर उतरलेलं विमान. पायथ्याच्या बाजारात एक वाहतूक पोलीस उभा असे. तो कुठून आला कुणास ठाऊक, पण एकदा आला तो कायमचा नेमणुकीवर. त्याचा हात मोडला तेव्हा तो चिकटवला, सिंहासनाचा सिंह मोडला तेव्हा मात्र राहू दिला. घरातलं महत्त्व असं ठरतं.

गंमत म्हणजे मान वर केली की खराखुरा अजिंक्यतारा डोक्यावर दिसे. औरंगजेबाने १६९९च्या डिसेंबरात त्याला वेढा घातला आणि तो पडायला १७००चा एप्रिल उजाडला. आमच्या किल्ल्याला इतका वेळ कधी लागला नाही. कुणाचाही चेंडू पुरे. माझे सख्खे काका वरच्या किल्ल्याकडे बघत आणि खालच्या किल्ल्याला नावं ठेवत, “तट असा वळतो होय?” त्यांचा अजिंक्यताऱ्याबद्दलचा अभिमान अजून तसाच आहे. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा सगळीकडे पेढे वाटले गेले आणि काका रुसून बसले. “तमिळनाडूतला जिंजी घेतला, आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड घेतला, आणि अजिंक्यतारा कुठाय?” मी म्हटलं, “काका, वारशात आपल्या छत्रीचाही नंबर लागला नाहीये.” हे त्यांना पटल्यासारखं दिसलं. अन्याय एकट्यावर झाला नसला की बरं वाटतं.

तर ती छत्री. बायकोने प्रश्न विचारला आणि त्या रात्री चकलीच्या डब्याभोवती बसून पहिल्यांदाच आमच्या घरात त्याची चौकशी झाली. छत्री आजोबांची, म्हणजे अण्णांची, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र जेवढी तोंडं तेवढा इतिहास.

आत्या म्हणाली, वरच्या बिऱ्हाडाची धुणी आमच्या बाजूला वाळत पडायची आणि नऊवारी लुगड्याचं पाणी नेमकं बालेकिल्ल्यावर ठिबकायचं, म्हणून अण्णांनी छत्री लावली. काका म्हणाले, छे, चिमण्या हळीव वेचून खायच्या, छत्री म्हणजे बुजगावणं होतं. बाबांचं म्हणणं सगळ्यात सोपं होतं. अण्णा बाहेरून भिजून आले, त्यांनी छत्री उघडून जिथे जागा दिसली तिथे वाळत ठेवली. ती नेमकी किल्ल्यावर होती. “पण अण्णांची वस्तू उचलणार कोण? तुमच्यापैकी कुणाची छाती होती?”

मला आठवतं ते वेगळंच. मी सहा-सात वर्षांचा असेन. ऐन दिवाळीत पाऊस आला. आम्ही पोरं पडवीत उभी राहून किल्ला विरघळताना बघत होतो. एरवी “चिखलात खेळताय, अभ्यास नाही का?” म्हणणारे अण्णा धोतराचा सोगा खोचून अंगणात उतरले आणि किल्ल्यावर छत्री धरून पाटावर बसले. स्वतः बाहेर, किल्ला आत. पाऊस थांबेपर्यंत हलले नाहीत. मी हे अगदी खात्रीने सांगतो. पण आत्याही तेवढ्याच खात्रीने सांगते आणि काकाही, तेव्हा माझंही चुकत असणार.

घराघरांतल्या बऱ्याच रिती अशाच असतात. माझ्या एका मित्राकडे पाडव्याला फराळाच्या ताटात पिठलं वाढतात. एके वर्षी अनारसे तुपात हसले, कढई हातची गेली, पाहुणे दारात आले आणि आजीने पिठल्यावर वेळ मारून नेली. आता अनारसे उत्तम झाले तरी पिठलं होतंच, आणि सुनांना ते ‘आमच्यातलं’ म्हणून शिकवलं जातं. शास्त्रात असलेल्या गोष्टी गुरुजींना विचारता येतात, पंचांगात बघता येतात. फजितीतून निघालेल्या रितीला पंचांग नाही. ती करणाऱ्यांनी बंद केली की संपली. म्हणूनच बहुधा आपण तिला जास्त जपतो. कारीट अंगठ्याखाली सगळेच फोडतात, किल्ल्यावर छत्री आमचीच.

आता आम्ही पुण्यात, चौथ्या मजल्यावर. आमच्या गॅलरीवर पाचव्या मजल्याची गॅलरी, म्हणजे डोक्यावर चांगली सहा इंची स्लॅब. वर कुणी लुगडी वाळत घालत नाही, हळीव खायला चिमण्या येत नाहीत. माती रोपवाटिकेतून पिशवीने विकत आणतो, विटा ‘आणण्याची’ हिंमत वॉचमनमुळे उरली नाही. तयार किल्लेही मिळतात. पण त्यात चिखल नाही आणि भांडणही नाही, मग तो घेऊन करायचं काय? छत्री मात्र तीच. तीच म्हणजे, कापड दोनदा बदललंय, काड्या चारपाच नव्या, दांडाही एकदा बदलला. दुरुस्तीवाला म्हणाला, “साहेब, यापेक्षा नवी स्वस्त पडेल.” अण्णांची अशी फक्त मूठ उरली आहे, तळव्याने घासून गुळगुळीत झालेली. जर्मनीतला चुलतभाऊ मुलांच्या ठोकळ्यांचा किल्ला करतो आणि फोटो पाठवतो. त्याच्या किल्ल्यावर घडीची जांभळी छत्री असते. काका फोटो मोठा करून बघतात आणि म्हणतात, “तट असा वळतो होय?”

तीन वर्षांपूर्वी सोसायटीतल्या एका मुलाने माझ्या मुलीला तोच प्रश्न विचारला. मी आत बसून कान टवकारले. ती तेव्हा आठ वर्षांची. क्षणभरही न थांबता म्हणाली, “अरे, महाराज छत्रपती आहेत ना! मग छत्र नको?”

मी थक्क झालो. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, महाराजांनी छत्र धारण केलं, हे चौथीच्या इतिहासापासून मला पाठ. पण डोळ्यांसमोर इतकी वर्षं छत्री असून दोन्हींची गाठ मला कधी मारता आली नाही. मी लगेच आत्याला फोन लावला. ती पलीकडून शांतपणे म्हणाली, “मग? अण्णा हेच तर म्हणायचे.”

“आत्या, तू तर लुगड्याचं पाणी म्हणाली होतीस.”

“ते वेगळं, हे वेगळं,” असं म्हणून तिने फोन ठेवला. त्या दिवसापासून आमच्या छत्रीला शास्त्राधार मिळाला. काकासुद्धा चिमण्यांचं नाव काढत नाहीत. आधी रीत पडते, मागाहून कारण येतं, आणि कारण चांगलं निघालं तर ते आजोबांच्या नावावर जमा होतं.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुण्यात पाऊस आला. वाऱ्याबरोबर आडवा, थेट गॅलरीत. अण्णांच्या छत्रीला इतक्या वर्षांनी अखेर काम मिळालं होतं. तेवढ्यात मुलगी ओरडली, “बाबा, छत्री भिजेल!” बायकोने चपळाईने सुतळीच्या दोन्ही गाठी सोडल्या, मुलीने छत्री मिटून छातीशी धरून आत नेली आणि देवघराजवळ कोरड्या फडक्याने पुसून ठेवली. दिवाळीला आलेल्या आत्याने मान डोलावली.

इकडे बुरुज खचायला लागला होता. हळिवाचं शेत तळ्यात घसरत होतं. मला काही सुचेना. दाराशी अडकवलेली माझी ऑफिसची घडीची छत्री ओढली, उघडली आणि किल्ल्यावर आडवी धरून उकिडवा बसलो. ती एवढीशी. तिच्याखाली एक तर किल्ला मावेल किंवा मी. पाऊस कानामागून पाठीत उतरत होता, वाहतूक पोलीस चिखलात हात वर करून उभा होता. वीसेक मिनिटांनी पाऊस थांबला. वळून बघतो तर मुलगी पडद्याआड उभी, टक लावून बघत होती.

“बाबा, पुढच्या वर्षी पण तुम्हीच बसायचं हं,” ती म्हणाली, “लक्ष्मीपूजनाला.”

पाऊस असो वा नसो, हे तिने म्हटलं नाही; पण माझ्या लक्षात आलं. मी पाट आणायला सांगितला.