एका तासाची बदली

माझ्या वक्तशीरपणाची कीर्ती आमच्या पेठेत इतकी पसरली होती की, सकाळी मी कचेरीस निघालो म्हणजे समोरचा वाणी आपले घड्याळ माझ्यावरून लावीत असे. निदान तो लावीत असावा, अशी माझी तीस वर्षे दृढ समजूत होती. त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी विलायतेतील यच्चयावत घड्याळे एक तास मागे जाणार आणि आपली नऊ महिन्यांची कन्यका सहाऐवजी पाचालाच उठून बसणार, ही चिंता लेकीने बोलून दाखवताच, सदरहू प्रकरण निकालात काढण्यास माझ्याइतका लायक इसम ब्रिटिश बेटांत दुसरा नाही, असे मी जाहीर करून टाकले.

उपाय तिच्यापाशी होताच. आधीचे चार दिवस बाळाला रोज पंधरा मिनिटे उशिरा निजवायचे, दूध आणि अंघोळही त्याच बेताने पुढे ढकलायची, आणि पहाटेचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून खिडकीला जाड काळे पडदे लावायचे. मी त्याला फक्त सरकारी स्वरूप दिले. ‘ठरलेली वेळ’, ‘प्रत्यक्ष वेळ’, ‘विलंबाचे कारण’ आणि ‘शेरा’ अशा चार रकान्यांचा तक्ता आखून मी तो पाळण्याशेजारी डकवला.

वास्तविक एका झटक्यात सबंध तास हलवणे हा मूळ कल्पनेचा विपर्यासच होय. घरे बांधणाऱ्या विल्यम विलेट नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९०७ साली जे पत्रक काढले, त्यात एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे घड्याळ पुढे न्यावे आणि सप्टेंबरात तसेच मागे आणावे, अशी सौम्य तजवीज होती; पाळण्याचा धर्म त्या गृहस्थाला उमगला होता म्हणायचे. तो १९१५ साली वारला आणि पुढच्याच वर्षी, महायुद्धाच्या धामधुमीत, कायदा झाला तो सरसकट एका तासाचा! पण विलेटचे राहू द्या. खरा मानी बाणा पाहावा तो आमच्या मुंबईचा. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईचे घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे करण्याचा हुकूम सुटला. आणि सूर्य आमच्या डोक्यावर केव्हा यावा हे सरकारने का सांगावे, असे म्हणत मुंबईकरांनी सभा भरवल्या, अर्ज केले, आणि आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत छातीशी धरून ठेवली. रेल्वे एका वेळेने सुटे, नगरपालिका दुसऱ्या वेळेने चाले, आणि त्या एकोणचाळीस मिनिटांच्या फटीत किती जावई ताटकळले असतील आणि किती वकिलांच्या तारखा हुकल्या असतील, याचा—

“बाबा,” लेक म्हणाली, “दूध गार झालं.”

रात्रीचे दोन वाजले होते. तक्त्याच्या अंमलबजावणीचा तो तिसरा दिवस. निजण्याची वेळ टळलेले मूल अधिक गाढ झोपत नाही, उलट अतिश्रमाने पुनःपुन्हा उठते, हा अनुभव आम्हांस सविस्तर येत होता आणि ‘विलंबाचे कारण’ या रकान्यात ‘रडणे’ हा एकच शब्द मी सहा वेळा लिहिला होता. लेकीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. तिला धीर यावा म्हणून मी म्हणालो, “तू या वयात फार शहाणी होतीस. एकदा निजलीस की सकाळपर्यंत हूं की चूं नाही.”

सौभाग्यवती दुपट्यांच्या घड्या घालीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“अहो, झोपत तुम्ही होता,” त्या म्हणाल्या. “ती दोनदा उठायची. मी तिला घेऊन स्वयंपाकघरात बसत असे. तुमची साडेदहाची कचेरी असे ना.”

त्या स्वरात तक्रार नव्हती. दप्तरखान्यातून एखादा जुना कागद काढून वाचून दाखवावा, तितक्या शांतपणे त्यांनी ते सांगितले आणि दुसरे दुपटे उचलले. तीस वर्षे मी त्या बाळाच्या झोपेची फुशारकी चार लोकांत मारीत आलो होतो, आणि तेव्हाही त्या शेजारी बसून अशाच घड्या घालीत असत. मला एकाएकी त्या वाण्याच्या घड्याळाविषयीही शंका येऊ लागली.

रविवारी पहाटे पाचाला पाळण्यातून पहिला हुंकार आला. तो दुसऱ्या हुंकारापर्यंत पोहोचण्यापूर्वी मी नातीला उचलले, जाताजाता तक्ता काढून घेतला, दार हलकेच लोटले आणि तिला स्वयंपाकघरात नेले. बाहेर मिट्ट काळोख होता. माझ्या मनगटावरचे घड्याळ विलायतेत उतरल्यापासून मी बदललेले नव्हते. देशाभिमान म्हणा की आळस म्हणा. त्यात बरोबर साडेदहा वाजले होते. तक्ता लागू होण्यापूर्वी ती सहाला उठे, तेव्हाही त्यात साडेदहाच वाजत असत!

मी तिला मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो. तिने माझा चष्मा जप्त केला, तक्ता तोंडात घातला, आणि कामकाजास प्रारंभ झाला.